तळमजल्यावरचा देश

सिंगापूरला येणारे आमचे पाहुणे ठरलेल्या क्रमाने फिरतात. मरीना बे, सेंटोसा, प्राणिसंग्रहालय, मुस्तफातली खरेदी. आणि निघायच्या आदल्या दिवशी एखादे काका किंवा आत्या ठेवणीतलं वाक्य काढतात, "सगळं छान आहे गं, पण इथे कल्चर असं काही दिसलं नाही." म्हणजे लेणी नाहीत, किल्ले नाहीत, संत नाहीत. आहेत त्या उंच इमारती आणि दंडाच्या पाट्या. पूर्वी मी वाद घालायचे. आता त्यांना घराजवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखाली खाण्यापिण्याचे बरेच गाळे असतात तिथे, नेते आणि म्हणते, तुम्ही कॉफी मागवा.

दिसतं तितकं ते सोपं नाही. नुसतं 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेली, घट्ट आणि चांगलीच गोड कॉफी येते. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची, पण साखर आहेच. 'कोपी-सी'त डब्यातलं आटवलेलं दूध आणि वरून साखर. साखर मुळीच नको असेल तर 'कोसोंग', कमी हवी तर 'सिउ दाय', कडक हवी तर 'गाऊ', बर्फ हवा तर 'पेंग'. हे सगळं एकापुढे एक लावून, मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळाला आठी पडायच्या आत म्हणून टाकायचं. कॉफीच्या बिया इथे साखर आणि मार्गारिन घालून काळ्याकुट्ट होईपर्यंत भाजतात. लांबुळक्या कापडी गाळणीतून कोरी कॉफी गाळून घेतात आणि जाड चिनी मातीच्या कपात अशी ओततात की थोडी बशीत सांडलीच पाहिजे. घरी न्यायची असेल तर सरळ प्लास्टिकच्या पिशवीत. वर लाल दोरी, आत स्ट्रॉ. ती पिशवी बोटाला अडकवून माणसं लिफ्टमध्ये शिरतात.

त्या एका ऑर्डरमध्ये मलय भाषा असते, होक्किएन ही चिनी बोली असते, कधी कॅन्टोनीज असते. ऑर्डर देणारी माझ्यासारखी मराठी बाई असते आणि घेणारे गल्ल्यावरचे अंकल हायनानी असतात, कारण कॉफीचा धंदा इथे पूर्वापार हायनान बेटावरून आलेल्यांच्या हातात होता. हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नाही. राष्ट्रीय एकात्मतेची जाहिरात करायची म्हणून कुणी कॉफी पीत नाही. पण नवखा माणूस काउंटरपाशी अडखळतो, आणि इथे वाढलेला, मग तो चिनी असो, मलय असो की तमिळ, अडखळत नाही. पासपोर्ट न बघता नागरिक ओळखायचा असेल तर मी त्याला कॉफीच्या रांगेत उभं करीन.

टेबलाची गोष्ट तर आणखी मजेशीर. दुपारी साडेबाराला लाऊ पा सातसारख्या ठिकाणी, ऑफिसांच्या गर्दीत, एकही खुर्ची मिळत नाही. तेव्हा लोक काय करतात, तर रिकाम्या टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवतात आणि निर्धास्तपणे चिकन राइसच्या रांगेत जाऊन उभे राहतात. काही जण छत्री ठेवतात, काही जण गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्रसुद्धा. त्या पाकिटाला हात लावायची कुणाची छाती होत नाही. याला 'चोप' करणं म्हणतात. कायद्यात त्याला काडीचा आधार नाही. ज्या देशात च्युइंगगमच्या विक्रीवर 1992 पासून बंदी आहे, त्या देशात सगळ्यात कडकपणे पाळला जाणारा नियम सरकारने केलेलाच नाही, याची मला फार गंमत वाटते.

मात्र ती टिश्यूची पाकिटं विकायला टेबलांमधून फिरतात ती वाकलेली म्हातारी माणसं. उष्टे ट्रे उचलणारेही बहुतेक म्हातारेच. 'आपापले ट्रे उचला' म्हणून सरकारने वर्षानुवर्षं मोहिमा चालवल्या, गोड पोस्टर लावली, लोकांनी ढिम्म ऐकलं नाही. शेवटी सप्टेंबर 2021 पासून हॉकर सेंटरमध्ये नियम लागू झाला. आधी समज, मग दंड. आता सगळे निमूटपणे ट्रे परत नेतात. टिश्यूच्या पाकिटापुढे मान तुकवणारी माणसं पोस्टरपुढे तुकवत नाहीत, त्यांना दंड लागतो. या देशाचं सारं कौतुक करताना हा भाग विसरू नये.

हॉकर सेंटर ही कल्पना मुळात साफसफाईची. साठच्या दशकात रस्तोरस्ती फेरीवाले होते. उघडी गटारं, उंदीर, कॉलराची भीती. सरकारने सुमारे 18,000 फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि 1971 ते 1986 या काळात त्यांना नळ, गटार आणि वीज असलेल्या छपराखाली आणलं. आपल्याकडे फेरीवाल्यांना एकतर हटवतात किंवा हप्ता घेऊन ठेवतात. तिसरंही काही करता येतं हे बघून मला अजून नवल वाटतं. पण सरकारने बांधलं ते नुसतं छप्पर. त्याखाली लाक्सा, नासी लमाक, रोटी पराठा एका रांगेत आल्यावर जे झालं, ते कुठल्याच आराखड्यात नव्हतं. चिनी माणूस सकाळी तमिळ मुसलमानाकडची पराठा-करी खायला लागला. माशाचं डोकं आवडीने खाणाऱ्या चिनी गिऱ्हाइकांसाठी केरळी स्वयंपाक्याने त्याची करी केली, आणि आज ती 'सिंगापूरची' म्हणून खाल्ली जाते. भारतात ती शोधायला गेलात तर या रूपात मिळणार नाही. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तोवर गल्ल्यावरची बरीच माणसं सत्तरीच्या घरात गेली होती. पहाटे उठून रस्सा उकळत ठेवायला त्यांची मुलं तयार नाहीत, आणि त्या मुलांना बोल कसा लावणार? आईबापांनी त्यांना शिकवलं ते याच उकाड्यातून सुटावं म्हणून.

आता घरांकडे येते. 25 मे 1961 ला बुकित हो स्वी नावाच्या झोपडवस्तीला आग लागली आणि सुमारे 16,000 माणसं उघड्यावर आली. गृहनिर्माण मंडळ, म्हणजे एचडीबी, तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. वर्षभराच्या आत आगग्रस्तांना पहिली घरं मिळाली, आणि पुढे तोच या देशाचा मुख्य उद्योग असल्यासारखी घरं बांधली गेली. आज इथल्या रहिवाशांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के लोक एचडीबीच्या इमारतींत राहतात. घर मिळतं 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. 1989 पासून प्रत्येक इमारतीत चिनी किती, मलय किती, भारतीय आणि इतर किती, याची मर्यादा ठरलेली आहे. एखाद्या गटाचा कोटा भरला की त्या गटाबाहेरच्या माणसाला आपलं घर त्या गटातल्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही. गिऱ्हाईक कमी, की किंमतही कमी. त्याचा फटका बसतो तो बहुतेक वेळा संख्येने थोड्या असलेल्यांना. तरी हा कोटा नसता तर वेगवेगळे मोहल्ले झाले असते, यात मला शंका नाही. 'अमुक लोकांना घर देत नाही' हे वाक्य मी पुण्या-मुंबईत इतकं ऐकलंय की सरकारी जबरदस्तीच्या शेजाराबद्दल मला मनापासून तक्रार करता येत नाही.

या इमारतींचा तळमजला रिकामा असतो. खांब, फरशी आणि वारा. याला व्हॉइड डेक म्हणतात. माझ्या मते सिंगापूर बघायचं असेल तर मरीना बे सोडून इथे बसावं. दगडी टेबलावर कोरलेला बुद्धिबळाचा पट असतो आणि तिथे दोन म्हातारे तासन्‌तास न बोलता बसलेले असतात. भिंतीवर 'चेंडू खेळू नये' ही पाटी, आणि तिच्यावर चेंडूचे गोल डाग.

एका शनिवारी आमच्या खाली मलय लग्न होतं. कोम्पांग नावाचे डफ वाजवत पोरं नवऱ्याला घेऊन आली, मागच्या बाजूला मोठाल्या पातेल्यांत बिर्याणी शिजत होती, आणि लिफ्टमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला त्या घोळक्यातूनच वाट काढावी लागत होती. पुढच्याच आठवड्यात त्याच खांबांमध्ये चिनी घरातलं मयत. पांढरा मांडव, मोठा फोटो, उदबत्त्या, आणि गोल टेबलांभोवती शेंगदाणे सोलत पत्ते खेळणारे नातेवाईक. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते पत्ते विचित्रच वाटले. मग शेजारच्या आँटीनेच सांगितलं, रात्रभर गेलेल्या माणसाला एकटं सोडायचं नसतं, आणि जागं राहायला पत्त्यांसारखं दुसरं साधन नाही. निघताना पाहुण्यांना लाल दोरा देतात. तो बोटाला गुंडाळायचा आणि घरी पोचायच्या आत टाकून द्यायचा. मीही टाकला. आपण स्मशानातून आल्यावर आंघोळ करतो, ती मी तरीही केली. दोन्ही बाजूंनी सुरक्षित.

आमच्या चाळीतल्या जिन्यात जसं कुणाच्या घरी काय शिजतंय आणि कुणाच्या घरी काय बिनसलंय हे आपोआप कळायचं, तसं इथे या तळमजल्यावर कळतं. फरक एवढाच, की चाळीत सगळे आपल्यातलेच होते.

नियम आणि माणसं यांचं इथलं नातं कळायला मांजरांची गोष्ट पुरेशी आहे. एचडीबीच्या घरात मांजर पाळायला 1989 पासून बंदी होती. ठरावीक जातीची कुत्री चालतील, मांजर नाही. लोकांनी काय केलं? मांजरं पाळली. खिडकीला जाळ्या लावल्या, तपासणीला कुणी आलं की मांजर मावशीकडे. व्हॉइड डेकमधल्या भटक्या मांजरांना रात्री खाऊ घालणाऱ्या आँट्या प्रत्येक इमारतीत होत्या, अजूनही आहेत. त्यांचं वेळापत्रक मांजरांना पाठ असतं. अखेर सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने मांजरांना परवानगी दिली, अर्थात परवाना आणि मायक्रोचिपसह. आधी नियम, मग वर्षानुवर्षं शांतपणे चाललेली अवज्ञा, मग तिलाच कागदावर घेणं. इथे मोर्चे निघत नाहीत म्हणून लोकांचं काही चालत नाही, असं समजणाऱ्यांनी मांजरांकडे बघावं.

या सगळ्यात 'राष्ट्र' कुठे आहे? बहुतेक देश स्वातंत्र्य मागून किंवा लढून मिळवतात. सिंगापूरला ते 9 ऑगस्ट 1965 ला मलेशियाने बाहेर काढल्यावर मिळालं. पंतप्रधान ली क्वान यू टीव्हीवर बोलताना रडले, आणि ते अश्रू आनंदाचे नव्हते. तेव्हा बेटाचं क्षेत्रफळ होतं 580 चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडं कमीच. समुद्रात भर घालघालून आज ते 735 च्या घरात गेलंय. पाणी मलेशियातल्या जोहोरमधून. आदल्याच वर्षी चिनी-मलय दंगली झालेल्या. अशा ठिकाणी 'आपण' कोण, हे बसून ठरवावंच लागलं. राष्ट्रगीत मलय भाषेत, सुमात्रात जन्मलेल्या झुबीर सैद यांनी रचलेलं. लोकसंख्येत तीन चतुर्थांश चिनी, त्यांच्यातल्या पुष्कळांना मलय बोलता येत नाही, पण गीत सगळ्यांना तोंडपाठ. शाळेत रोज सकाळी मूठ छातीवर ठेवून म्हणायची प्रतिज्ञा एस. राजरत्नम यांनी लिहिली. त्यांचा जन्म जाफन्याचा.

आणि हे सगळं ठरवणाऱ्यांनी प्रत्येकाला एक खाना दिला. चिनी, मलय, भारतीय, इतर. भारतीय खान्यातल्या मुलाने शाळेत 'मातृभाषा' शिकायची, पण अधिकृत भाषा तमिळ. पुढे हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दूही घ्यायची मुभा मिळाली. मराठी त्या यादीत नाही. त्यामुळे आमच्या लेकाच्या प्रगतिपुस्तकात मातृभाषा : हिंदी. शाळेत शिक्षक नसल्याने तो शनिवारी दुसऱ्या केंद्रावर जाऊन ती शिकला, मराठी आणि भोजपुरी घरांतल्या मुलांच्या शेजारी बसून. रविवारी काही आईबाप मिळून मराठी शिकवायचे. परिणाम असा, की तो हिंदीचे निबंध लिहितो, मराठीत भांडतो, आणि खरा मोकळा होतो तो सिंग्लिशमध्ये, म्हणजे इथल्या सरमिसळ इंग्रजीत. त्या सिंग्लिशविरुद्ध सरकारने 2000 साली 'चांगलं इंग्रजी बोला' ही चळवळ काढली. ती अजून चालू आहे आणि सिंग्लिशही. घरात विचारायचा, "आई, मी जाऊ? कॅन ऑर नॉट?" मी म्हणायचे, "नॉट." महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीवर रान पेटलं तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे हिरिरीने मराठीच्या बाजूने बोलले आणि शनिवारी मुलांना हिंदीच्या क्लासला सोडून आले. मीही त्यातलीच.

खाने कागदावर असतात. वॉटर्लू स्ट्रीटवर ते पुसट होतात. तिथे क्वान यिन देवीचं चिनी मंदिर आणि श्रीकृष्णाचं देऊळ अगदी लागून आहे. चिनी बायका हातभर उदबत्त्या घेऊन आधी देवीपुढे उभ्या राहतात आणि मग तशाच चार पावलं चालून कृष्णापुढे. देवळाने त्यांच्यासाठी दाराशी उदबत्त्या खोचायचं मोठं पात्र ठेवलंय. आमच्या पंढरपूरच्या आत्या तिथे बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "यांना आरती येते का गं?" मी म्हटलं, येत नसावी. "मग काय मागत असतील?" त्या दिवशी परीक्षांचे निकाल लागायचे होते. मी म्हटलं, "मार्क." आत्यांना ते लगेच पटलं.

एक गोष्ट मात्र या चित्रात बसत नाही. हे तळमजले ज्यांनी बांधले ते तमिळनाडूचे आणि बांगलादेशचे मजूर लॉरीच्या उघड्या हौद्यात बसून कामावर जातात, शहराच्या कडेच्या वसतिगृहांत राहतात, आणि रविवारी लिटल इंडियात जमतात. 2020 मध्ये करोनाने त्या वसतिगृहांत थैमान घातलं तेव्हाच अनेकांना ती कुठे आहेत हे पहिल्यांदा कळलं. व्हॉइड डेकवरून मी कितीही लाडाने लिहिलं, तरी तिथे संध्याकाळी टेकलेल्या मजुराकडे लोक ज्या नजरेने बघतात ती मी बघितली आहे. आम्ही मध्यमवर्गीय मराठी माणसं वेगळ्या रंगाच्या परवान्यावर आलो, म्हणून त्या नजरेतून सुटलो. कातडीचा रंग तर तोच.

आणि आम्हालाही एक दिवस हिशेब द्यावा लागतोच. 1967 पासून इथे सक्तीची लष्करी सेवा आहे. मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं. हा नियम कायमच्या रहिवासाचा परवाना घेतलेल्यांच्या मुलांनाही आहे. परवाना सोडून दिला तर सुटका होते, पण पुढे शिक्षणाला, नोकरीला परत यायचं म्हटलं की ते आडवं येतं. दुहेरी नागरिकत्व ना भारत देतो ना सिंगापूर. त्यामुळे मुलगा चौदा-पंधराचा झाला की मराठी घरांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. काही जण ऑस्ट्रेलियाला जातात, काही पुण्याला परततात. आम्ही राहिलो.

भरतीच्या दिवशी पालकांना चांगीहून बोटीने टेकाँग बेटावर नेतात. बराकी दाखवतात, भटारखान्यात मुलांबरोबर जेवू घालतात. मग मुलं रांगेत उभी राहून शपथ घेतात आणि पालकांना परतीच्या बोटीत बसवतात. बोटीत माझ्या एका बाजूला एक मलय आई होती, दुसऱ्या बाजूला चिनी बाप. तो सबंध वेळ फोनवर शेअरचे भाव बघण्याचं सोंग करत होता. पडदा कधीच विझला होता.

पहिल्या सुटीला लेक घरी आला तो टकलू होऊन, काळवंडून, आणि होक्किएनमधल्या अस्सल शिव्या शिकून. आल्या आल्या सासऱ्यांचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल. त्यांची हयात मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. मला धास्ती होती की ते 'दुसऱ्यांच्या फौजेत' यावरून काहीतरी बोलणार. त्यांनी विचारलं, "रायफल कुठली देतात?" लेक म्हणाला, एसएआर 21, इथलीच बनावट. "वजन किती? मॅगझिन मागं का पुढं?" मागे, म्हटल्यावर त्यांना ते काही पसंत पडलं नाही. मग बूट चावतात का, पहारा किती तासांचा, सुभेदार कडक आहे का. लेक मोडक्या मराठीत उत्तरं देत होता, अडला की इंग्रजीत, आणि आजोबा ते बरोबर पकडत होते. "पायाला पावडर टाक. मोजे ओले ठेवू नको. आणि रांगेत कधी पहिला राहू नको, कधी शेवटचा राहू नको."

"इथे सार्जंट पण सेम बोलतो, आजोबा."

"बोलणारच," ते म्हणाले, आणि पुन्हा मॅगझिनवर आले.